धनाग्राकडे कोण जातं? : दहावीतल्या एका मुलीला उत्तर

*बाई, मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात दहावीत आहे, मराठी माध्यम. गणित मला जमतं, भौतिकशास्त्राची उदाहरणंही सुटतात. रसायनशास्त्र आलं की मात्र डोकं चालत नाही. संयुजा पाठ केल्या, पहिली वीस मूलद्रव्यं पाठ केली, अभिक्रियांचे प्रकार पाठ केले. आठवड्यात सगळं विसरते. ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजनचं समीकरण काही केल्या संतुलित होत नाही. विद्युत अपघटनात धनाग्राकडे कोण जातं आणि ऋणाग्राकडे कोण, हे दर परीक्षेत उलट लिहून येते. पप्पांची डाळिंबाची बाग आहे, सुट्टीत मी फवारणीला मदत करते. पप्पा म्हणतात, "झेपत नसेल तर आर्ट्स घे, जिवाला त्रास नको." मला नर्सिंगला जायचंय. बोर्डाला तीन महिने राहिलेत. काय करू?*

अगं, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस. सुट्टीत फवारणीला मदत करते! डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून तुमच्याकडे बोर्डो मिश्रण मारत असणारच. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र ओतत काठीने ढवळायचं. फवारायच्या आधी घासून लख्ख केलेला विळा किंवा सळई त्यात बुडवून बघायची. लोखंडावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, अजून घाल. नाही चढलं तर गाळून पंपात भर.

तुझ्या दहावीच्या रसायनशास्त्राचा बराचसा भाग त्या पिंपात आहे. तू तो हाताने करतेस आणि परीक्षेला जाताना घरी ठेवून जातेस.

आधी एक सांगते. सूत्रं मी इथे शब्दांत लिहिणार आहे. तू वही घेऊन बस आणि प्रत्येक अभिक्रिया चिन्हांत उतरवून काढ. ते काम मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलंय.

विळ्यापासून सुरुवात करू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पाण्यात विरघळतं तेव्हा त्यातलं तांबं सुटं होतं, पण भांड्यातल्या लालसर तांब्याच्या रूपात नाही. त्याच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणून त्याच्यावर दोन धनप्रभार असतात. असा प्रभार असलेला अणू म्हणजे आयन. द्रावणाचा निळा रंग या तांब्याच्या आयनांमुळेच दिसतो. आता त्यात लोखंड बुडतं. इलेक्ट्रॉन सोडणं लोखंडाला तांब्यापेक्षा सोपं जातं. विळ्याच्या पृष्ठभागावरचा लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन जवळ आलेला तांब्याचा आयन उचलतो. इलेक्ट्रॉन मिळाले की तो पुन्हा धातू झाला. धातू पाण्यात विरघळलेला राहत नाही, तिथेच विळ्यावर बसतो. तेच तांबूस पुट. विळा तसाच ठेवलास तर निळा रंग हळूहळू फिका पडून हिरवट होईल, कारण पाण्यात तांब्याचे आयन कमी आणि लोहाचे जास्त होत जातात. बोर्डो लोखंडी भांड्यात का करत नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि चुना पुरेसा असला की पुट का चढत नाही? चुन्यातले हायड्रॉक्साइड आयन तांब्याच्या आयनांना धरतात आणि आकाशी रंगाचा, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. (त्याची खरी घडण जरा गुंतागुंतीची आहे, शाळेपुरतं कॉपर हायड्रॉक्साइड लिही.) सुटा आयनच उरला नाही, तर विळ्यावर बसणार कोण? सुटं तांबं पानं करपवतं, म्हणून ही तपासणी. म्हणजे पप्पा दर फवारणीला एक रासायनिक चाचणी करतात आणि निकाल अचूक वाचतात. त्यांना हे सांग, आवडेल.

हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. रस्त्याकडेची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून तिथले बागायतदार कडेच्या वेलींवर निळसर, किळसवाणं दिसणारं मिश्रण शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग पडला नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ मध्ये लक्षात आलं. १८८५ मध्ये त्याने कृती छापली. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण मला फार आवडतं.

आता मुद्द्याचं. विळ्यावर जे घडलं त्यात इलेक्ट्रॉन एकाने दिले, दुसऱ्याने घेतले. तुझ्या पुस्तकातल्या अणुरचना, संयुजा, बंध, अभिक्रिया, विद्युत अपघटन या सगळ्या धड्यांत हेच एक काम निरनिराळ्या नावांनी चाललेलं आहे. तू प्रत्येक धडा स्वतंत्र समजून पाठ केलास, म्हणून एकही टिकला नाही.

सोडिअम घे. अणुअंक ११, म्हणजे ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. कवचांत २, ८, १. शेवटच्या कवचात एकटा पडलेला तो इलेक्ट्रॉन गेला की मागे २, ८ अशी भरलेली रचना उरते. म्हणून तो देऊन टाकण्याकडे सोडिअमचा कल, आणि म्हणून संयुजा, म्हणजे किती इलेक्ट्रॉन द्यायचे-घ्यायचे तो आकडा, १. क्लोरीन २, ८, ७. त्याला आठ पुरे करायला एक हवा, संयुजा १. कॅल्शिअम २, ८, ८, २, दोन देतो. ऑक्सिजन २, ६, दोन घेतो. ॲल्युमिनिअम २, ८, ३, तीन देतो. यात पाठ करायचं काय आहे? पहिल्या वीस मूलद्रव्यांचे अणुअंक तुला येतात, २-८-८ चा नियम येतो, उरलेली वजाबाकी आहे. गणित जमतं म्हणतेस ना?

इलेक्ट्रॉन एकाने वा दोनाने इकडेतिकडे झाला तर काय मोठंसं, असं वाटेल. नर्सिंगला जायचंय म्हणून तुझ्याच कामातलं उदाहरण देते. सोडिअम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तडतडत पळतो, हायड्रोजन निघतो, कधी पेट घेतो. प्रयोगशाळेत तो केरोसिनमध्ये बुडवून ठेवतात. आणि सलाईनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे पाण्यात सोडिअमच असतो, आणि तो थेट रुग्णाच्या शिरेत सोडतात. फरक एकाच इलेक्ट्रॉनचा. धातूत ११, बाटलीतल्या आयनात १०. प्रोटॉन दोन्हीकडे ११ च, म्हणून दोन्ही सोडिअमच.

थोडं पाठांतर मात्र करावं लागेल, त्यातून सुटका नाही. तांबं आणि लोह हे वजाबाकीत बसत नाहीत. तांब्याची संयुजा १ किंवा २, लोहाची २ किंवा ३. शाळेच्या पातळीला ती लक्षातच ठेवायची. तसेच सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड, अमोनिअम हे अणूंचे गट, त्यांच्या प्रभारांसकट. एका कागदावर मावतात. तो कागद भिंतीला चिकटव आणि बाकीची संयुजांची यादी फाडून टाक.

आता तुझं रुसलेलं समीकरण. ॲल्युमिनिअम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. देणं-घेणं जुळायला दोन ॲल्युमिनिअम (सहा दिले) आणि तीन ऑक्सिजन (सहा घेतले). म्हणून ॲल्युमिनिअम ऑक्साइडचं सूत्र दोनास तीन. हवेतला ऑक्सिजन मात्र दोन-दोन अणूंच्या जोडीने येतो. डावीकडे ऑक्सिजन दोनाच्या पटीत, उजवीकडे तिनाच्या पटीत. दोन आणि तीनचा लसावि सहा. तेव्हा डावीकडे ऑक्सिजनचे ३ रेणू, उजवीकडे ऑक्साइड २. उजवीकडे ॲल्युमिनिअम झाले चार, म्हणून डावीकडेही ४. चार, तीन, दोन. संपलं.

तू कुठे अडत होतीस याचा मला अंदाज आहे, कारण वर्गातली निम्मी मुलं तिथेच अडतात. अणू जुळत नाहीत म्हणून सूत्राच्या पायाशी असलेला छोटा आकडा बदलायचा मोह होतो. त्याला हात लावायचा नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनपाशी छोटा २ लिहिलास तर ते दोन पाणी होत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तेच, जखम धुवायला वापरतात ते. बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधीचा मोठा आकडा.

अभिक्रियांच्या प्रकारांसाठी पुन्हा बागेत चल. चुनखडी भट्टीत तापवली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो: एकातून दोन, अपघटन. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलंस की तो फुगतो, वाफा निघतात, पिंप हाताला चटका देतं: दोनातून एक, संयोग, आणि उष्णता बाहेर पडली म्हणून उष्मादायी. मोरचूद आणि चुना एकत्र आले, आयनांची अदलाबदल होऊन अवक्षेप बसला: दुहेरी विस्थापन. विळ्यावरचं पुट: विस्थापन. चारही प्रकार एका फवारणीत. प्रश्नपत्रिकेत 'प्रत्येकी एक उदाहरण द्या' आलं तर हीच चार लिही, गाईडातली लिहू नकोस. तपासणारालाही जरा बरं वाटेल.

आवर्तसारणीवर मी वेळ घालवत नाही. एका उभ्या रांगेत शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे, हे कळलं की गुणधर्म सारखे का, हे आपोआप येतं. कार्बन तेवढा वेगळा वागतो. शेवटच्या कवचात चार. चार देणंही जड, चार घेणंही जड, म्हणून तो इलेक्ट्रॉन वाटून घेतो. कार्बनी संयुगांचा धडा त्या एका वाक्यावरून सुरू कर.

आता ज्यासाठी पत्र लिहिलंस ते विद्युत अपघटन, म्हणजे विरघळलेल्या किंवा वितळलेल्या पदार्थातून वीज सोडून त्याचे घटक सुटे करणं.

लोखंडाने तांब्याला द्रावणातून फुकटात बाहेर काढलं. मग मिठातून सोडिअम कोण काढेल? सोडिअम इलेक्ट्रॉन सोडायला इतका उत्सुक, की एकदा सोडलेला इलेक्ट्रॉन त्याला परत घ्यायला लावणं लोह-जस्ताच्या आवाक्यातलं नाही. कालव्याचं पाणी उताराने शेतात आपसूक येतं, पण टेकाडावरच्या टाकीत चढवायचं तर मोटर लावावी लागते. इथे मोटरीचं काम विजेचं. १८०७ मध्ये हंफ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅश आणि कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पोटॅशिअम आणि सोडिअम पहिल्यांदा सुटे केले. ॲल्युमिनिअमचंही तेच. तुझ्या धातुविज्ञानाच्या धड्यात वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड) विरघळवून वीज सोडतात ना, ती पद्धत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने स्वतंत्रपणे शोधली. त्याआधी ॲल्युमिनिअम महागडी चीज होती. आज घराघरात त्याची पातेली आहेत.

दिशांचा गोंधळ घालवायला मात्र तांब्याचंच द्रावण बरं. प्लास्टिकच्या पेल्यात मोरचुदाचं निळं पाणी, त्यात तांब्याच्या सोललेल्या तारेचे दोन तुकडे, एकमेकांना न टेकणारे. एक तुकडा सेलच्या ऋण टोकाला जोडलेला, तो ऋणाग्र. दुसरा धन टोकाला, तो धनाग्र. आता 'कोण कुठे जातं' हे आठवू नकोस, विचार: इलेक्ट्रॉन कुठे आहेत? बॅटरी ते ऋणाग्रावर ढकलते. तिथे इलेक्ट्रॉनची रेलचेल. मग ज्यांना इलेक्ट्रॉन कमी आहेत तेच तिकडे ओढले जाणार, म्हणजे धन आयन. तांब्याचा आयन ऋणाग्रापाशी येतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो, धातू होऊन तिथेच बसतो. विळ्यावर झालं तेच; फरक इतकाच की तिथे इलेक्ट्रॉन लोखंडाने दिले, इथे बॅटरीने. इलेक्ट्रॉन मिळणं म्हणजे क्षपण.

धनाग्रावरून बॅटरी इलेक्ट्रॉन खेचून घेते. ऋण आयन, म्हणजे सल्फेट, तिकडे सरकतात खरे, पण आपला इलेक्ट्रॉन सोडत नाहीत. मग देतं कोण? तारेतलं तांबंच. त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतो आणि पाण्यात उतरतो. इलेक्ट्रॉन जाणं म्हणजे ऑक्सिडीकरण. एकीकडे जितकं तांबं बसलं तितकंच दुसरीकडून विरघळलं, म्हणून निळा रंग तसाच राहतो. परीक्षेत 'रंग का बदलत नाही?' असं विचारतात, त्याचं उत्तर हे. तारेऐवजी पेन्सिलीतल्या शिशाच्या, म्हणजे ग्राफाइटच्या काड्या लावल्या तर धनाग्राकडे विरघळायला तांबं नसतं. तिथे पाणी इलेक्ट्रॉन देतं, ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि निळा रंग फिका पडत जातो. अशुद्ध तांबं शुद्ध करतात ते पहिल्या पद्धतीने: अशुद्ध लादी धनाग्र, शुद्ध पातळ पत्रा ऋणाग्र, आणि खाली बसलेल्या गाळात सोनं-चांदीसुद्धा सापडते. जत्रेत मिळणाऱ्या 'एक ग्रॅम'च्या दागिन्यांवर सोन्याचा मुलामा चढतो तोही ऋणाग्रावरच.

तुला गणित आवडतं म्हणून एक अकरावी-बारावीचा हिशेब आताच देते. ६३.५ ग्रॅम तांबं बसवायला १,९३,००० कूलोम प्रभार लागतो. अर्धा अँपिअर प्रवाह तासभर सोडला तर १,८०० कूलोम. त्रैराशिक मांड, ०.६ ग्रॅमच्या जरा आत उत्तर यायला हवं.

हा प्रयोग घरी कर. दीड व्होल्टचे दोन सेल पुरतात. पंधरा-वीस मिनिटांत ऋण तारेवर तपकिरी, भुसभुशीत तांबं दिसेल. पण नीट ऐक. घरातल्या प्लगची वीज कोणत्याही कारणाने वापरायची नाही. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं किंवा चमचा घ्यायचा नाही, हात साबणाने धुवायचे. उरलेलं पाणी ओढ्यात न ओतता पप्पांच्या मोरचुदाच्या पिंपात घाल. आणि 'मिठाच्या पाण्यावरही करून बघू' असं मनात आलं तर थांब. त्यात धनाग्रावर क्लोरीन निघतो आणि तो बंद खोलीत छातीला बाधतो. ते शाळेत, बाईंसमोर.

तीन महिन्यांचं म्हणशील तर आठवीतल्या 'अणूचे अंतरंग' या धड्यापासून सुरू कर. दहावीच्या पुस्तकाला आठ दिवस हात लावू नकोस. हसतील मैत्रिणी, हसू देत. मग नववीतला आम्ल-आम्लारीचा धडा, आणि त्यानंतर दहावीचं आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं या क्रमाने. रोज चार-पाच समीकरणं, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहायची: इलेक्ट्रॉन कोणी दिले, कोणी घेतले. चुन्याच्या अवक्षेपासारख्या काही अभिक्रियांत कोणीच दिले-घेतले नाहीत असं निघेल, तेही लिही. कार्बनी संयुगांत ते वाटून घेतलेले दिसतील.

आर्ट्सचं असं आहे. आर्ट्स वाईट नाही, पप्पा काळजीपोटीच बोलतात. पण बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, आणि आर्ट्समधून तो रस्ता मिळत नाही. हे त्यांना माहीत नसेल. घरी शांतपणे सांग, आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन दोघं मिळून चौकशी करून या. अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजीत असतील. तेव्हा आत्तापासून प्रत्येक मराठी संज्ञेपुढे वहीत तिचा इंग्रजी शब्द लिहून ठेव. धडा कळलेला असला की शब्द बदलायला फार दिवस लागत नाहीत.

ॲल्युमिनिअमचं समीकरण आता आणखी सोडवू नकोस. त्याऐवजी लोह आणि ऑक्सिजनपासून तीन संयुजेचं लोह ऑक्साइड कसं होतं ते संतुलित कर, आणि उत्तर मला कळव.